खोल्यांतली मतं

रणजीत पडला, हे अंबूबाईला आधी फटाक्यांनी सांगितलं आणि मग माणसांनी.

सकाळपासून ती नवी इरकल नेसून ओट्यावर बसली होती. दाराआड गुलालाचं पोतं, फ्रिजवर पेढ्यांचे खोके, देव्हाऱ्यापुढं औक्षणाचं ताट, सगळं जय्यत तयार. आणि फटाके वाजले ते पलीकडं, विरोधातल्या यशवंतरावाच्या आळीत. तिला आधी वाटलं, पोरांची आळी चुकली. माणसाचं मन येडं असतं ते असं! फटाक्यांची आळी कधी चुकते का?

मग तिचा दीर आला, दादासाहेब. डोळ्याला उपरणं लावूनच आला. "वहिनी, घात झाला," म्हणाला आणि पायरीवर मटकन बसला. "थोडक्यात गेला आपला रणजीत. यशवंतराव आला."

पडला? तिचा लेक, रणजीत? अहो, कोरोनात घरचे लोक घरच्या माणसाला हात लावत नव्हते, तेव्हा या पोरानं स्वतःच्या गाडीतून माणसं दवाखान्यात नेली. पक्षानं तिकीट दिलं नाही, तर लोकच म्हणाले, तू उभा राहा, आम्ही आहोत. महापालिकेला अपक्ष उभा राहिला, कपबशी चिन्ह घेतलं, महिनाभर चपला झिजवल्या. असल्या पोराला लोक पाडतात?

"असं कसं झालं वो भाऊजी? भावकीनं तर बेलभंडारा उचलला व्हता!"

"भावकी कुटं गेली, वहिनी? भावकी जाग्यावर हाय." दादासाहेबानं उपरण्यानं नाक पुसलं. "खोल्यांनी मारलं आपल्याला. भाडेकरूंनी."

आता हे खोल्यांचं प्रकरण सांगायला हवं. मोशीच्या अंगाला असलेलं हे गाव कधीकाळी ज्वारी-हरभऱ्याचं. जमिनी गेल्या कंपन्यांच्या गोदामांना आणि सोसायट्यांना. उरलेल्या तुकड्यांवर भावकीतल्या प्रत्येकानं पत्र्याच्या, नाहीतर स्लॅबच्या खोल्या काढल्या. चाकण-भोसरीच्या कंपन्यांत राबणारी लातूर-बीडकडची माणसं त्यात राहायला आली. आधी नुसती राहिली, मग पोरं शाळेत घातली, मग मतदार झाली. बघता बघता गावात गावकरी कमी आणि भाडेकरू जास्त झाले. अंबूबाईच्या चाळीत आठ खोल्या. दादासाहेबाच्या तर विचारूच नका, आणि वर पाण्याचे दोन टँकर. पालिकेचं पाणी चाळींना पोचत नव्हतं, त्यामुळं आळीआळीतून त्याचे टँकर फिरायचे आणि बाया हंडे घेऊन पळायच्या.

मतदानाच्या आधी भैरोबाच्या देवळात सगळी भावकी जमली. देवापुढं ताटात बेल आणि भंडारा ठेवला. भंडारा उचलून शब्द दिला की तो मोडायचा नाही, मोडला तर घराला लागतं, अशी या गावची जुनी रीत. पहिला हात घातला दादासाहेबानं. कपाळाला भंडारा फासून म्हणाला, "मत कपबशीला. दुसरीकडं दिलं तर भैरोबा बघून घेईल." मागोमाग सगळ्यांनी हात घातले. भाडेकरूंना कुणी बोलावलं नाही. त्यांचे देव त्यांच्या गावाकडं, त्यांनी इथल्या देवाची काय भीड धरायची!

"घरचं मत घरात हाय," तेव्हा दादासाहेब म्हणाला होता. "डोळा ठेवायचा तो भाईरच्यांवर."

आणि ठेवला हो, चांगला ठेवला. गावठाणातली माणसं मत द्यायची तालमीत. खोल्यांतली माणसं पलीकडच्या शाळेत. मतदानाच्या दिवशी भावकीतली झाडून सगळी पोरं शाळेबाहेरच्या रस्त्यावर उभी. अंबूबाई स्वतः चहाचा थर्मास घेऊन समोरच्या टपरीच्या सावलीत बसली आणि आपल्या चाळीतलं एकेक माणूस आत गेलेलं मोजत राहिली. तालमीकडं लक्ष ठेवायला चिटपाखरू नव्हतं. आपल्याच माजघरात पहारा कोण बसवतं?

करिष्माला तर तिनं आठवडाभर शिकवलं होतं. करिष्मा म्हणजे तिच्या चाळीतल्या पहिल्या खोलीतली, सयाजीची बायको. "यंदा चार नगरसेवक निवडायचेत, एकाला चार मतं हायत बाई. मशीनवरच्या पांढऱ्या, गुलाबी, पिवळ्या कागदावर कुणालाबी दे. निळ्यावर मातुर कपबशी." करिष्मा हसून म्हणाली होती, "मावशी, किती बार सांगायलाव? झोपंत बी कपबशीच दिसायली मला."

त्याच करिष्मानं? गेल्या वर्षी गुडघ्याचं ऑपरेशन झालं, तेव्हा जिनं दीड महिना अंबूबाईला न्हाऊ-माखू घातलं, तिनं? सुनेची, सायलीची, तेव्हा कोर्टाची कामं चालू होती. करिष्माच सकाळ-संध्याकाळ यायची. तिची पोरगी उत्कर्षा तर अभ्यासाला बसायची ती अंबूबाईच्याच सोप्यात.

"यशवंतरावाचे लोक परवा चाळीत येऊन गेले म्हणं," दादासाहेब हळूच म्हणाला. "तुमच्याच. पहिल्या खोलीत बसले व्हते."

झालं! अंबूबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. खाल्ल्या घरचे वासे मोजणारी जात, म्हणाली आणि उठली. गुडघा दुखतोय याची शुद्ध नव्हती. दादासाहेबानं एका शब्दानंही अडवलं नाही, उलट "जपून जावा" म्हणाला.

करिष्मा दारात तांदूळ निवडत होती. अंबूबाईला बघून ताट बाजूला ठेवून उठली. "मावशी, लई वाईट झालं. आत्ताच कळालं. रणजीतदादा कुठं हायत?"

"दादाचं नाव काढू नगंस!" अंबूबाई अशी ओरडली की बाकीच्या सातही खोल्यांची दारं उघडली. "यशवंत्याची माणसं आली व्हती का न्हाई तुझ्या घरात?"

"आल्ती की. सगळ्यांच्याच घरात आल्ती. पाणी पिऊन गेली."

"पानी पिऊन गेली आन् मतं घेऊन गेली!"

"न्हाई मावशी." करिष्माचा चेहरा पांढराफटक पडला. "आमी कपबशीलाच दिलं. दोघांनी बी. दादांनी चाळीत नळ देतो म्हणलं होतं, दुसऱ्याला कशाला देऊ आमी?"

"बोलायला काय जातंय! तुमच्यासारख्यांवर इस्वास ठेवला हीच माझी चूक. दिवस मावळायच्या आत खोली मोकळी कर."

सयाजी पहिली पाळी करून नुकताच आला होता. कंपनीचा शर्ट अजून अंगात. तो हात जोडून पुढं झाला, "मावशी, उत्कर्षाची परीक्षा तोंडावर आलीय. निदान तेवढं तरी…"

करिष्मानं त्याचा जोडलेला हात धरून खाली केला. रडली नाही, भांडली नाही. मग आत गेली आणि गादीची वळकटी बांधायला लागली. अंबूबाईला तिच्या त्या गप्प राहण्याचाच जास्त राग आला. चोराला बोलायला तोंड नसतं, असं पुटपुटत ती घरी परतली.

दादासाहेब ओट्यावरच होता. घरातून कुणाकडून तरी चहा मागवून घेतला होता. "बरं केलंत," म्हणाला. "एकाला काढलं की बाकीचे सरळ व्हतात."

ऊन कलायला लागलं तेव्हा सायली आली. सून वकील; रणजीतची प्रतिनिधी म्हणून सकाळपासून मतमोजणीच्या ठिकाणी बसली होती. आत फोन नेऊ देत नाहीत, त्यामुळं तिच्याकडून काही कळलंच नव्हतं. अंगातला कोट काढून तिनं खुर्चीवर टाकला आणि दादासाहेबाकडं न बघता म्हणाली, "आई, ते मित्राच्या गाडीत बसलेत. घरी येववत नाही म्हणतात."

"आणि कशाला यील? भाडेकरूंनी तोंड दाखवायला जागा ठेवली का!"

सायली चमकली. "भाडेकरूंनी?"

"मग! करिष्माला काढली मी खोलीतनं. आजच्या आज."

"अहो आई, काय केलंत हे!" सायली जवळजवळ किंचाळलीच. "शाळेतल्या केंद्रांवर आपणच पुढं होतो. एकूण एक मशीनवर! यशवंतराव तर कपाळाला हात लावून बसला होता. आम्ही पेढे सांगायच्या बेतात होतो."

अंबूबाईला अर्थच लागेना. "मग पडला कसा?"

"तालमीचं मशीन शेवटी उघडलं." सायली ओट्यावर टेकली. "माझ्या डोळ्यांसमोर. मला वाटलं आकडे उलटे वाचले, म्हणून मी परत दाखवायला लावलं. तिथं कपबशीला हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी मतं होती, आई. बाकी सगळी यशवंतरावाला. भावकीनं पाडलं आपल्याला."

अंबूबाईनं मान वळवून दिराकडं बघितलं. तो कपातला चहा निवांत संपवत होता.

"भाऊजी?"

"माज्याकडं काय बघताय?"

"तुमी भंडारा उचलला व्हता. पयला हात तुमचा व्हता!"

दादासाहेबानं कप खाली ठेवला. आता डोळ्याला उपरणं नव्हतं. "वहिनी, तुमच्या पोरानं भर सभेत सांगितलं, चाळीचाळीत नळ देतो म्हणून. नळ आला की नोंद आली, नोंद आली की घरपट्टी आली. समद्यांच्या खोल्या बिनपरवान्याच्या. भाईरच्यांसाठी भावकीच्या पोटावर पाय द्यायचा? आणि माझे टँकर काय पोरांना खेळायला देऊ?"

"आरं पर द्येवाम्होरं शब्द दिला व्हता!"

"द्येवाचं मी बघून घेतो," तो उठत म्हणाला. "नारळ फोडला की द्येव गप बसतो. नळाला तसं गप बसवता येत न्हाई."

एवढं बोलून तो चपला घालून निघूनही गेला. अंबूबाई आ वासून बघत राहिली. ज्या माणसानं नवऱ्याच्या चितेला तिच्या पोराचा हात धरून अग्नी देववला, ज्याला राखी पौर्णिमेला ती भावाच्या आधी ओवाळायची, त्यानं असा केसानं गळा कापावा? आणि कापून वर तिच्याच ओट्यावर बसून, तिच्याच पोरासाठी रडून दाखवावं? तिला रडूही फुटेना. आपलेच दात आपलेच ओठ, कुणाला सांगायचं!

मग एकाएकी तिच्या काळजात लख्खकन चमकलं. करिष्मा.

"सायले, चल गं, चल!" ती धडपडत उठली. पदर कुठं, पाय कुठं, भान नव्हतं. सायलीनं दंडाला धरलं तरी ती फरफटत पुढंच जात होती. वाटेत तालमीपाशी भावकीतली चार माणसं बसली होती. रोज "या काकी" म्हणणारी. आज सगळी फोनात डोकं घालून बसली. म्हणजे सगळ्यांनाच ठाऊक होतं. एकट्या तिलाच ठाऊक नव्हतं.

चाळीपाशी छोटा टेम्पो उभा होता. सयाजीच्या कंपनीतल्या कुणाचा तरी. गादी, पत्र्याची पेटी, गॅसची टाकी, उत्कर्षाची सायकल, सगळं वर चढलेलं. खोली झाडून काढलेली होती, अगदी कोपऱ्यापर्यंत. किल्ली खिडकीत ठेवली होती.

"करिष्मे, उतर," अंबूबाई धापा टाकत म्हणाली. "उतर गं बाई, चुकलं माझं. तुमी मतं दिली. मला कळलं समदं. आमच्याच मेल्यांनी घात केला. सामान उतरव सयाजी, कुटं जायचं न्हाई."

सयाजीचा चेहरा क्षणभर सैल झाला. त्यानं पेटीच्या दोरीला हातसुद्धा घातला. पण करिष्मा टेम्पोत उत्कर्षाला पोटाशी धरून बसली होती, ती हलली नाही.

"कसं कळालं, मावशी?"

"सायलीनं बघितलं. मशीनवर. शाळंत आपुनच पुढं व्हतो."

"आसं." करिष्मानं मान हलवली. "मशीननं सांगितलं म्हणून तुमी आलाव. मी दुपारी तेच सांगत होते की."

अंबूबाईनं टेम्पोची फळी धरली.

"आन् समजा, मशीन निघालंच नसतं तर? तुमच्या अंगाला मी ह्या हातानं पाणी घातलंय, मावशी. तुमी मला सगळ्या चाळीसमोर चोर केलाव."

"आगं, राग आला व्हता गं. आई रागावत न्हाई का?"

"रागावती की," करिष्मा म्हणाली. आता मात्र तिचे डोळे भरले. "पण दिवस मावळायच्या आत घर सोड म्हणत न्हाई."

सायलीनं पुढं होऊन तिचा हात धरला. "करिष्मा, कुठं जाल आत्ता? निदान पोरीची परीक्षा होईपर्यंत राहा."

"चाकणला ह्यांच्या दोस्ताची खोली हाय, वैनी. दाटीवाटीनं राहू. परीक्षेला येतील हे पोरीला घेऊन बसनं." मग ती सयाजीला म्हणाली, "सोडा ती दोरी. चला."

सयाजीनं दोरी सोडली. अंबूबाईला वाकून नमस्कार करावा की नाही, असा घुटमळला, आणि न करताच पुढं ड्रायव्हरशेजारी जाऊन बसला. बाकीच्या सात खोल्यांच्या बाया दारांत उभ्या होत्या. एरवी अंबूबाई आली की कुणी ना कुणी पाट सरकवायचं. आज एकीनंही "बसा" म्हटलं नाही.

टेम्पो सुरू झाला. उत्कर्षानं सवयीनं हात हलवला. आईनं तो खाली केला नाही, पण स्वतः वळूनही बघितलं नाही. अंबूबाई रस्त्याच्या मधोमध उभी होती. "आगं, जेवून तरी जावा," एवढंच तिच्या तोंडून निघालं, आणि तेही टेम्पो कोपऱ्यावरून वळल्यावर.