बिनजाळाचा कुकर

मित्रांनो, माझ्या भांड्याची मूठ तांबडी आहे आणि झाकणाची काळी. काळी मूळची, तांबडी मनोरच्या बाजारात बसवून आणलेली. सातपाटीला मासळी विकणाऱ्या येसूबाईंच्या घरचा मी जुना, पाच लिटरचा कुकर. पंचवीस वर्षे या घरचे डाळ-भात मी शिजवले. मासळी मात्र माझ्यात कधी शिजली नाही. तो मान पातेल्याचा, आणि त्याचा राग मला अजून आहे.

येसूबाईंची एक सवय होती. झाकण लावण्याआधी त्या ते उजेडाकडे धरत आणि एक डोळा मिटून शिटीच्या भोकातून बघत. भोकात डाळ अडकली की वाफ कोंडते. काल बघितले म्हणून आज सोडले, असे त्यांनी एकदाही केले नाही.

मग नवा स्टीलचा कुकर आला आणि माझी रवानगी माळ्यावर, फाटक्या जाळ्यांच्या शेजारी झाली. रोज कुणीतरी आपल्याला निरखून बघते हे केवढे सुख, ते तिथे कळले. करमणूक एकच, खालच्या गप्पा. त्यांतूनच ऐकले की तारापूरला समुद्राकाठी एक भले मोठे भांडे आहे. त्यात पाणी उकळते, त्या वाफेवर वीज तयार होते, पण भांड्याखाली जाळ नाही! मी चूल पाहिली, स्टोव्ह पाहिला, गॅस पाहिला. जाळाशिवाय पाणी उकळते कसे? या प्रश्नाने माझा पिच्छाच पुरवला.

यंदा येसूबाईंच्या मुलीची, हेमांगीची, त्याच वीजकेंद्रात प्रशिक्षणासाठी निवड झाली. सोमवारी हजर व्हायचे होते. येसूबाईंनी साफ नकार दिला.

"त्या भट्टीत माझी पोर नाय जायची. जो येतो तो सांगतो, कायच भीती नाय. कायच भीती नाय अशी वस्तू मी दर्यात बघली नाय नि चुलीतपण नाय."

हेमांगी रडली नाही. ती माळ्यावर चढली आणि मला खाली घेऊन आली. पाणी भरले, शिटी काढून ठेवली आणि मला गॅसवर चढवले. वाफ सुटताच तिने डब्याच्या पत्र्याची चक्री लांब काडीने वाफेसमोर धरली. चक्री गरगर फिरू लागली.

"आये, तिथंपण हेच. वाफेनं मोठी चक्री फिरते, तिच्यावर वीज होते. दर्याचं पाणी निराळ्या नळ्यांतून फिरतं. त्यानं वाफ थंड होते, तिचं परत पाणी होतं."

"मग जाळ कुठं हाय?" येसूबाईंनी विचारले. मित्रांनो, माझ्याच मनातला प्रश्न!

हेमांगी सांगू लागली. त्या भांड्यात युरेनियम नावाच्या धातूचे अणू असतात. न्यूट्रॉन नावाचा बारीकसा कण अशा अणूवर आदळला की तो फुटतो. फुटताना उष्णता निघते आणि दोन-तीन नवे न्यूट्रॉन उडतात. ते पुढचे अणू फोडतात.

"बंदरावर बोट लागली की एक बाई दोघींना सांगते, त्या दोघी चौघींना. तसं."

"मग तर लगेच बोंबाबोंब!"

"म्हणून मधी दांडे घालतात. ते न्यूट्रॉन गिळतात."

"मंजे आपल्या सोजराबाईसारखे," येसूबाई हसल्या. "तिला कायपण सांगा, पुढं जायाचं नाय."

"तेच! एका फुटलेल्या अणूमागं एकच नवा फुटंल, इतकंच चालू ठेवायचं. दांडे पुरते आत घातले की सगळं बंद."

येसूबाईंनी गॅस बंद केला आणि माझ्या पोटाजवळ हात धरला. मी अजून सणसणीत तापलेलो होतो.

"बंद केला तरी हा गरम हाय. तिथल्या निखाऱ्याचं काय?"

हेमांगीनेही माझ्या पोटाजवळ हात धरून बघितला. "कायच होत नाय" असे ती सहज म्हणू शकली असती.

"मला म्हायती नाय, आये," ती म्हणाली. "इचारून येते."

ती बोईसरला धर्मेशकाकांकडे गेली. ते त्याच केंद्रातून निवृत्त झालेले. दुपारी परतली ती थेट स्वयंपाकघरात आली.

"तू बरोबर बोललीस. फुटलेले तुकडे नंतरपण गरमी देतात. बंद केल्यावरही पाणी फिरवत राहावं लागतं. वापरलेलं इंधन वर्षानुवर्षं पाण्याच्या खोल टाकीत ठेवतात, नि पुढंही लय वर्षं सांभाळावं लागतं. भीती हाय, आये. म्हणूनच तिथं माणसं लागतात."

येसूबाईंनी माझे झाकण पुसून तिच्या हातात दिले.

"भीती नाय सांगणारे लय भेटले. म्हायती नाय, इचारून येते, असं बोलणारी तूच पयली. जा तू."

मित्रांनो, भांडे लहान असो वा मोठे, ज्यात वाफ आहे त्याला रोज कुणीतरी बघावे लागते. तुमच्या घरच्या कुकराची रिंग सैल झाली असेल, भोक बुजले असेल, तर आजच बघा. आम्हाला तोंडाने सांगता येत नाही.

सोमवारी सकाळी डब्याचा भात माझ्यातच शिजणार होता. हेमांगीला गाडीची घाई होती. तरी तिने माझे झाकण खिडकीशी नेले, उजेडाकडे धरले आणि एक डोळा मिटला.