शाळेच्या वेळेतली बायजा

जयवंता शाळेत जायला लागली आणि घर एकदम मोठं झालं.

सकाळी दहाच्या सुमारास बायजा दोघांना घेऊन निघायची. जयवंताचा भाऊ हरिदास पुढे, दप्तर पाठीवर आपटत. जयवंता तिच्या बोटाला. शाळेचं फाटक लागलं की बायजा एकटीच परतायची आणि ओसरीच्या पायरीशी उभी राहायची. उजव्या हाताचं एक बोट तसंच पुढे काढलेलं असायचं. कोणी सोडलंच नाही असं.

पहिले काही दिवस तर ती परतलीच नव्हती. शाळेच्या भिंतीला टेकून, लिंबाच्या सावलीत बसून राहायची. आतून पाढे ऐकू यायचे. शेवटी गुरुजी बाहेर आले.

"बायजाबाई, तुमचंही नाव घालू का पटावर?"

पोरं हसली. जयवंतानं मान खाली घातली. त्या दिवसापासून बायजा तिथं बसली नाही.

घर सेलूला होतं. मालक रामाजी जंगलखात्याच्या लाकूड डेपोत कारकून. आधी त्यांची नेमणूक कारंज्याच्या पलीकडे, रानातल्या गोंडांच्या गावाजवळ होती. जयवंता तिथंच जन्मली. त्यांची बायको लीलाबाई बाळंतपणात अंथरुणाला खिळली, तेव्हा त्या गावातल्या बायजाला पोर सांभाळायला बोलावलं. बायजाचा नवरा टिकाराम त्याच वर्षी झाडाखाली सापडून गेला होता. पुढं रामाजींची बदली झाली. तान्ही जयवंता बायजाच्या खांद्यावरून उतरेना. तेव्हा बायजानं आपला जंगू, नुकता पळायला लागलेला, आपल्या आईजवळ ठेवला. "एवढा पावसाळा सरू दे, येतो मी," ती म्हणाली होती. जयवंता रांगली, चालली, बोलली. पावसाळे येत गेले. मधे दोनदा बायजा जाऊन आली. दोन्ही वेळा जंगू आजीच्या लुगड्यामागं लपला.

आता हात रिकामे झाले तसा तो पोरगा दुपारभर तिच्या डोळ्यांसमोर येऊन बसायचा.

"बाई," एका दुपारी ती लीलाबाईला म्हणाली, "आता माह्यं काय काम हाय अठी? लेकरं शाळंत. मले गावाले जाऊ द्या. माहा जंगू आता ढोरं चारते म्हनतात."

"पाहू, पाहू," लीलाबाई म्हणाली आणि डोळे पुसत स्वयंपाकघरात निघून गेली.

जयवंता बायजाच्या हातचंच जेवायची, बायजाच्याच कुशीत झोपायची. तिला हाकही 'बायजामाय' अशी मारायची.

चुलीशी सासू बसली होती, शकुबाई. तिनं सगळं ऐकलं होतं.

"रडतं कायले? बसवून ठेवशीन तर जाईनच ते. हाताले काम दे तिच्या. बाईमानूस कामात असलं का घर आठवत नाई."

"काम कुठून आनू, आत्याबाई? भांडी, धुनं, समदं सकाळीच होते."

"नसंन तर कर."

लीलाबाईनं काम केलं. बायजा पोरांना सोडायला गेली की ती मडक्यातली तूर सुपात ओतायची, वर मूग ओतायची, मूठभर जवसही टाकायची, आणि हात फिरवायची. मग ओसरीवर सूप आणून ठेवायची. "उंदरानं गाडगी पाडली पाह्य, बायजा."

बायजा पाय पसरून बसायची. तूर एका बाजूला, मूग दुसऱ्या, जवस पदराच्या टोकात. बोटं चालायला लागली की गळाही चालायचा. माहेरची नव्हे, इकडेच ऐकून शिकलेली चाल होती ती:

तुरीच्या ढिगामंधी, मूग हिरवा लपला
माहा हिरवा मूग बाई, कोन्या रानात झोपला

लीलाबाई आत ऐकायची आणि पोळपाटावर लाटणं जोरानं फिरवायची.

शाळा सुटेस्तोवर धान्य वेगळं व्हायचं. चार दिवस बरे जायचे. मग पुन्हा उंदीर यायचा.

"असा कसा उंदीर, बाई? खाऊन नाई राह्यला, नुसता कालवून राह्यला," बायजा म्हणाली. दुसऱ्या दिवशी ती कुणाकडून मांजरीचं पिल्लू घेऊन आली, पदरात गुंडाळून. पिल्लू दूध प्यायलं, हरिदासच्या टोपीत झोपलं; तरी सूप भरलेलंच. शकुबाई पदर तोंडाला लावून हसली. "माय व, उंदीर लई शहाना दिसते तुमचा."

हसू बायजालाही आलं. पण निवडता निवडता आखाडी गेली, नागपंचमी गेली. ती विचारायची आणि लीलाबाई म्हणायची, "हे एवढं निवडून दे, मग जाजो."

"पोळ्याले जातो मंग. पोळ्याले माहा जंगू बैलाचा कासरा धरते."

"जाजो. पोळ्याले नक्की जाजो."

पोळा दोन दिवसांवर आला. बायजानं गाठोडं बांधलं. त्या दिवशी ती पोरांना घेऊन निघाली, आणि बाजारापर्यंत पोचल्यावर जयवंताच्या लक्षात आलं की पाटी घरीच राहिली. दोघांना फाटकात सोडून बायजा पाटी न्यायला परत आली.

स्वयंपाकघरात लीलाबाई जमिनीवर बसली होती. पुढ्यात सूप, दोन्ही हात मनगटापर्यंत धान्यात. मांजरीचं पिल्लू समोर बसून बघत होतं.

बायजा दारात थांबली.

"उंदीर सापडला म्हना की," बायजा म्हणाली.

लीलाबाईनं हात बाहेर काढले नाहीत. तिथंच तिचा चेहरा वेडावाकडा झाला.

"पोरगी जेवत नाई गं तुह्यावाचून. मी भरवलं तर थुकते. मी आई हाय तिची, बायजा. मलेच थुकते."

बायजानं कोनाड्यातली पाटी घेतली. ती शाळेत देऊन आली. मग येऊन सुपाच्या पलीकडे बसली, पण धान्याला हात लावला नाही.

"बाई, तुमची लेक जेवत नाई म्हनून तुमी रडता. माह्यं पोरगं जेवते. माह्यावाचून जेवते, झोपते, वाढते. मले त्याचंच भेव वाटते."

लीलाबाईनं उठून डब्यातले लाडू काढले, फडक्यात बांधले, हरिदासचा एक नवा सदरा घडी करून वर ठेवला. "आताच निघ," ती म्हणाली. "शाळा सुटायच्या आंधी. तिच्या डोळ्यांदेखत तुह्यानं जाववनार नाई, अन् मले पाह्यवनार नाई."

बायजा निघाली. वाट शाळेवरूनच होती. आत पाढे चालले होते. त्या गलक्यातून तिला जयवंताचा आवाज वेगळा काढता येत होता. ती त्या बाजूला न बघता चालत राहिली.

मोटारीनं आर्वी, आर्वीहून कारंजं, पुढं कोणाची तरी बैलगाडी आणि मग रानातली पायवाट. दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला ती आईच्या, भागाबाईच्या, झोपडीशी पोचली. भागाबाईनं तिला पोटाशी धरलं. दारात एक उंच पोरगा उभा होता, टिकारामसारख्या रुंद कपाळाचा.

"जंगू, तुही माय आली."

पोरगा लपला नाही. लपायचं वय गेलं होतं. त्यानं तिच्या धूळभरल्या पायांकडे पाहिलं, आतून फाटकं घोंगडं आणून टाकलं.

"बाई, बसा," तो म्हणाला.

मग भागाबाईकडे वळला, आणि आपल्या गोंडी भाषेत तिला आई म्हणून हाक मारली, पाहुणीला पाणी आण म्हणाला.

पोळ्याला त्यानं कासरा धरला. सदरा घातला नाही. नवा आहे, मळेल म्हणाला. लाडू सगळ्या पोरांत वाटले. बायजा बायकांच्या घोळक्यातून बघत होती.

दुसऱ्या दिवसापासून तो पहाटेच ढोरं घेऊन रानात जाऊ लागला. बायजा झाडू उचलायला गेली तर भागाबाईनं काढून घेतला. "बस तू. किती दिसानं आलीस." भाकरी करायला बसली तर, "राहू दे, त्याले माह्याच हातची लागते." बायजा अंगणात बसली. ऊन कुडावरून सरकत होतं. तिचे हात मांडीवर पडून होते.

आठवड्याभरानं जंगलखात्याचा नाकेदार आला. अंगणाबाहेरूनच म्हणाला, "बायजे, रामाजीबाबूनं निरोप धाडला. कधी येतं म्हनून पुसून राह्यले. पोरगी शाळेतून आली का रोज फाटकात उभी राह्यते म्हनते. घरात येतच नाई."

बायजाचं बोट आपोआप पुढं झालं. तिनं ते मुठीत मिटून घेतलं.

"तिले म्हना..." ती म्हणाली, आणि थांबली. तिला काय म्हणायचं ते सापडेना. "बाईले सांगजा, घास लहान करा. अन् भरवताना तिच्याकडं पाहू नका, गानं म्हना."

"अन् येनं कधी?"

"येत नाई मी."

नाकेदार गेल्यावर ती पदरानं डोळे पुसत बसली नाही. दुसऱ्या पहाटे घंटा वाजवत ढोरं निघाली, तशी ती उठून मागून चालायला लागली. जंगू पुढं, मधे ढोरं, शेवटी ती.

नाल्यापाशी त्यानं वळून पाहिलं. "तुमी काऊन येऊन राह्यल्या?"

"असंच."

"ऊन लागन. घरी बसा ना."

"नाई बसवत."

तो काठी खांद्यावर टाकून पुढं झाला. दुपारी तो पळसाखाली बसला, तिच्याकडं पाठ करून. थोड्या अंतरावर, दुसऱ्या पळसाखाली ती बसली. त्यानं भाकरी खाल्ली. तो खात असताना तिनं त्याच्याकडं पाहिलं नाही.

उन्हं कलली. ढोरं परतीला लागली. वाटेत पाणी साचून दलदल झाली होती. ढोरं डावीकडून गेली, जंगू त्यांच्यामागं. मग थोडं पुढं जाऊन तो थांबला.

"ओ बाई," मागं न पाहता त्यानं हाक दिली, "तिकडून नोका येऊ. गाळ हाय. माह्यामागून या."

"हो," बायजा म्हणाली, आणि त्यानं पाय टाकले होते तिथंच पाय टाकत निघाली.