भोकाभोकांचा दगड

मी एक जुना, भोकाभोकांचा दगड आहे. वणीच्या रस्त्यावरच्या एका मळ्यात, न्हाणीच्या दाराशी असतो. यशोदाबाई रोज माझ्यावर टाचा घासतात. वय साडेसहा कोटी वर्षं, आणि नशिबी टाचा! असो.

मित्रांनो, जमिनीच्या खूप खाली खडक भयंकर तापलेला असतो. त्याच्यावरचा दाब कमी झाला की तो वितळतो, हलका होतो आणि वर सरकू लागतो. त्यात वायू कोंडलेले असतात. फट मिळाली की ते त्या रसाला बाहेर ढकलतात. हाच ज्वालामुखी. तुमच्या पुस्तकात त्याचा टोकदार डोंगर काढलेला असतो. आमच्याकडे तसं नव्हतं. इथे जमीन लांबच लांब फाटली आणि लाव्हा सपाट पसरला. एक थर निवला की काही काळाने त्यावर दुसरा. नाशिकच्या डोंगरांना पायऱ्या दिसतात ना, ते हेच थर. मी एका थराच्या माथ्यावरचा. वायूचे बुडबुडे निसटता निसटता माझ्यात अडकले आणि मी गोठलो. ती ही भोकं. मग माझ्यावर पुढचा थर आला आणि मी अंधारात पडून राहिलो.

मला बाहेर काढलं विहिरी खणणाऱ्या बुधाने. यशोदाबाईंच्या मुलाची, महेशची, विहीर चाळीस फूट गेली तरी कोरडीच होती. झेंडूची रोपं माना टाकत होती. यारीने, म्हणजे विहिरीवरच्या क्रेनने, मला वर ओढलं तेव्हा महेशने तोंड वाकडं केलं.

“किडका दगड हाय हा. बंद कर काम.”

“किडका नाय, महेशभाऊ. वरचा थर संपला. आता अशाच दगडात पाणी मुरलेलं असतं. दोन दिस खणू द्या.”

“खण रे बुधा,” यशोदाबाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी पाझर फुटला. यशोदाबाईंनी मला पदराने पुसून घरी आणलं. मला फार बरं वाटलं.

यंदा विहिरीचं पाणी तळाला गेलं. आणखी खोलवरून उपसायला महेश दुसरी, मोठी मोटार घेऊन आला. यशोदाबाईंनी मला उचललं आणि त्याच्या हातात दिलं.

“आधी ह्याची भोकं पाण्याने भरून दे. मग बसव मोटार.”

महेश मला पुन्हा न्हाणीच्या दाराशी ठेवून कुदळ घेऊन आला. मग विहिरीच्या वरच्या अंगाला, पावसाचं पाणी मुरावं म्हणून, चर खणायला लागला. मोटार अजून खोक्यातच आहे.

मित्रांनो, आम्हा दगडांची भोकं आगीने केली, पण ती भरली पावसाने, थेंबाथेंबाने. तुम्ही उपसता तेवढं मुरवा. टाचांचं काय, त्या मी घासून देईन.