अर्धा किलो डोप

व्यसनमुक्ती वॉर्डात अठरा वर्षं काढलेल्या सिस्टरबाईंना डोप या शब्दाचा अर्थ कुणी सांगायला नको होता. दुपारी त्या इस्त्री करत होत्या. शेजारी लेकीचा विसरलेला फोन वाजला. लंबू नावाच्या मित्राचा मेसेज होता : ‘कालचं एकदम डोप! सगळे वेडे झालेत. शनिवारी अजून आण.’

बाईंच्या पायाखालची जमीनच सरकली. आपली लेक? दूध उतू गेलं तरी रडवेली होणारी?

झडती कशी घ्यायची ते वॉर्डात पाठ झालं होतं. बुटांचे तळ पाहिले, उशा चाचपल्या, गादीची शिवण उसवली. शेवटी पलंगाखाली डबा सापडला. आत पांढरी पूड. चिमूटभर नव्हे, चांगली अर्धा किलो.

“अगं बाई! ही तर विकते!”

त्यांनी डबा बेसिनमध्ये उपडा केला आणि नळ सोडला. तेवढ्यात फोन न्यायला लेक परत आली.

“आई, माझं प्लास्टर का ओतलंस?”

“प्लास्टर?”

“नाटकाच्या मुखवट्यांचं! काल तालमीला नेलेले, सगळ्यांना आवडले.”

बाईंनी फोन तिच्यापुढे धरला. “मग हे डोप काय?”

लेकीने वाचलं आणि कपाळावर हात मारला. “डोप म्हणजे भारी, आई! मुखवटे भारी झालेत, असं म्हणतोय तो.”

“मग भारी लिहायला काय धाड भरली होती त्याला?”

“भारी म्हणजे तरी काय, जड? तू नाही म्हणत, साडी भारी आहे म्हणून?”

एवढ्यात लेकीची नजर आपल्या खोलीत गेली. गादीतला कापूस जमिनीवर पसरला होता. तिचा चेहरा पांढराफटक पडला.

“तुला खरंच वाटलं, मी…? विचारायचंस तरी!”

“घाबरले गं. रोज बघते ना तिथे, कुणाकुणाच्या लेकी येतात.”

लेकीने नळ बंद केला. बेसिन तुंबलं होतं. संध्याकाळी प्लंबरने पाइप काढला, तर आतून पांढरा दगड निघाला.

“बाई, हे काय घातलंत?” तो थक्क होऊन म्हणाला.

त्याला काय सांगणार? तो गेल्यावर बाई गादी शिवायला बसल्या. दोरा काही केल्या सुईत जाईना. लेक बराच वेळ दारात उभी होती. मग आत आली, सुई ओवून दिली आणि गादीचं दुसरं टोक धरून बसली. अजून रागातच होती.