सिम बदललं, मालकीण बदलली, कंपनी काही सुटेना

मी मोबाईल बोलतोय. आजवर लोकांच्या चहाड्या आणि उसासे निमूटपणे इकडून तिकडे पोचवले. आज जरा माझं ऐका.

मला घडवलं कारखान्यानं, पण संस्कार केले न्यूयॉर्कच्या एका मोबाईल कंपनीनं. कसले डोंबलाचे संस्कार! मला चालू केलं की आधी कंपनीचं जांभळं चिन्ह, मग तिची कर्कश धून. पोटात तिची अकरा अ‍ॅप्स, त्यातलं एकही काढता येत नाही. वर कुलूप असं की दुसऱ्या कंपनीचं सिम घातलं की मी तोंड फिरवायचो.

न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात केस कापणाऱ्या मिरेयानं मला तीन वर्षं वापरलं. नवा फोन मिळताच तिनं मला मोज्यात कोंबलं, मोजा बॅगेत कोंबला आणि नाताळात डॉमिनिकन रिपब्लिकमधल्या आपल्या गावी, नागुआला, आणून बहिणीच्या हातात ठेवलं. न्यूयॉर्कहून येताना फोन आणला नाही, तर चार बॅगा आणल्या तरी आमच्या डॉमिनिकन लोकांच्या लेखी तो माणूस रिकाम्या हातानं आलेला असतो.

ही बहीण एनेइदा, दारात खिम्याच्या करंज्या तळून विकणारी. फोन दुरुस्त करणाऱ्या विल्टननं माझं कुलूप काढून गावचं सिम घातलं. "झाला मोकळा!" म्हणाला. मोकळा कसला? पुन्हा तेच चिन्ह, तीच धून.

एनेइदाला त्याचंच कौतुक. शेजारीण फेला कॉफीला आली की ती मला मुद्दाम बंद करून चालू करायची. "सारखा अडकतो गं मेला," म्हणायची. मी कुठला अडकतोय! न्यूयॉर्कचा फोन आहे हे फेलाच्या कानावर घालायचं होतं, एवढंच.

मग तिच्या लेकीची, युलिसाची, नर्सिंगची प्रवेश परीक्षा आली. गुरुवारी दुपारी तीनला, आणि तीही फक्त कॉम्प्युटरवर. नागुआत दुपारी लाईट जाते, म्हणजे घरचं इंटरनेटही जातं. शाळेच्या बाईंनी लॅपटॉप दिला, त्याची बॅटरी दोन तास टिकायची. माझा हॉटस्पॉट चालू करून लॅपटॉपला इंटरनेट द्यायचं ठरलं. मंगळवारी युलिसानं करून पाहिलं, तर माझ्या तोंडावर अक्षरं उमटली: 'ही सोय हवी असल्यास आपल्या कंपनीशी संपर्क साधा.'

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दोघी मला घेऊन विल्टनकडे गेल्या. तो एनेइदाला मानानं दोन्या म्हणतो.

"मी फक्त सिमचं कुलूप काढलं होतं, दोन्या. आतला कारभार अजून कंपनीचाच आहे. हा हॉटस्पॉट द्यायच्या आधी तिलाच विचारतो. सगळं पुसून साधा कारभार घालावा लागेल."

"मग धून?"

"जाणार. आणि मध्येच बिनसलं तर फोनही जाणार."

एनेइदानं मला छातीशी धरलं. "नको बाई. दुसऱ्या कुणाचा तरी फोन मागू."

"दुपारभर आपला फोन कोण देणार आहे?" युलिसाचा आवाज चढला. "आई, वर्षभर अभ्यास केलाय मी. तुला नर्स झालेली पोरगी हवी की गाणारा फोन?"

एनेइदानं मला हळूच काउंटरवर ठेवलं.

"पूस," ती म्हणाली, आणि रस्त्याकडे बघत उभी राहिली.

भीती मलाही वाटली, खोटं कशाला बोलू? पण जगलो. आठवणी कशा शिल्लक राहिल्या ते विचारू नका. त्यासाठी मी कुणाचीही परवानगी घेतलेली नाही.

गुरुवारी तीन वाजून दहा मिनिटांनी लाईट गेली. मी खिडकीत उभा, अंग तापलेलं. एनेइदा मला पुठ्ठ्यानं वारा घालत होती आणि गिऱ्हाइकांना हाकलत होती, "आज करंज्या नाहीत. पोरीची परीक्षा आहे." साडेचारला लाईट आली. सगळी गल्ली नेहमीसारखी "आली, आली!" म्हणून ओरडली, तर ही बाहेर धावली. "गप्प बसा रे! लाईट काय, उद्याही येईल!"

तीन आठवड्यांनी निकाल माझ्यावरच आला. एनेइदानं यादीवरून तेलकट बोट फिरवलं, लेकीचं नाव सापडलं. मग मिरेयाला फोन लावून म्हणाली, "तुझ्या त्या कंपनीला सांग, आमची पोरगी नर्स होतेय. आणि आम्ही कंपनीच्या बापालाही विचारलं नाही!"

युलिसा शहरात शिकायला निघाली तेव्हा एनेइदानं मला तिच्या पिशवीत घातलं. स्वतःला विल्टनकडचा जुना बटणांचा फोन घेतला. "तिथं लाईट गेली तर?" एवढंच म्हणाली.

आता मी वसतिगृहात असतो. काच तडकलीय, बॅटरी दुपारपर्यंतच पुरते, आणि खोलीतल्या चार पोरी माझ्यावर अभ्यास करतात. तुमच्याकडे नवा फोन आला तर त्याचा कॅमेरा नंतर बघा. तो कुणाचं ऐकतो ते आधी विचारा.

रोज संध्याकाळी एनेइदाचा फोन येतो. "जेवलीस का? झोप झाली का?" आणि ठेवता ठेवता, जरा खालच्या आवाजात, "तो कसा आहे गं?"

बरा आहे मी, दोन्या एनेइदा. तुमची आठवण येते.