माझ्याकडे तर चालतंय

"ताई, माझ्याकडे तर चालतंय," असं म्हणत नेहाने आपला लॅपटॉप विजयश्रीकडे वळवला. "हे बघा. धोंडीबा गेला आत."

धोंडीबा खरोखरच आत गेला होता. नेहाच्या स्क्रीनवर त्याचं ठळक अक्षरांत स्वागत झालं होतं. विजयश्रीने आपल्या लॅपटॉपवर तोच धोंडीबा आणि तोच पासवर्ड टाकला. एक गोल फिरला, पांढरं पान आलं आणि धोंडीबा पुन्हा लॉगिनच्या पानावर येऊन उभा राहिला. पासवर्ड चुकला असंही कोणी म्हणेना आणि त्याला आतही घेईना.

धोंडीबा नावाचं माणूस कुठे नव्हतंच. टेस्टिंगला खोटी माणसं लागतात आणि विजयश्रीने आपल्या खोट्या माणसांना गावाकडची नावं दिली होती. धोंडीबा म्हणजे पासवर्ड कधी न चुकणारा सज्जन, तर चिमाबाई कुणालाही कसलीच परवानगी न देणारी. त्या नावांवरून ऑफिसात तिची थट्टा व्हायची आणि तिलाही ती आवडायची. या आठवड्यात मात्र ती कुणी केली नव्हती.

नाशिक फाट्याजवळच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर ही छोटी कंपनी होती आणि ती एक लायब्ररी बनवत होती. पुस्तकांची नव्हे. तयार कोडचा तो एक गठ्ठा असतो. दुसऱ्या कंपन्यांनी तो आपल्या वेबसाइटला जोडला की लॉगिनची कटकट त्यांच्यामागे राहत नाही. माणूस लॉगिन करतो, लांबचा कुठलासा सर्व्हर त्याची ओळख पटवून त्याला एक पास देतो आणि तो कुणाचा, कशाकशासाठी, कधीपासून कधीपर्यंत चालेल हे सगळं त्या पासवर असतं. लायब्ररीने पास तपासायचा आणि माणसाला आत सोडायचं. ती नीट तपासते का, हे तपासायला विजयश्री.

शुक्रवारपर्यंत सगळं सुरळीत होतं. सोमवारी तिच्या मशीनवर सगळेच अडकले, सज्जन धोंडीबासुद्धा. शनिवार-रविवारी संघर्षने पास तपासण्याचा भाग नव्याने लिहिला होता. संघर्ष म्हणजे लायब्ररी लिहिणारा डेव्हलपर. साहजिकच तिने त्याच्या नावावर दोष नोंदवला आणि गाडी तिथेच थांबली, कारण गंभीर दोष उघडा असताना माल ग्राहकाला देता येत नाही.

संघर्ष मंगळवारी अख्खी दुपार तिच्या शेजारी खुर्ची ओढून बसला होता. "ताई, पास येतोय. पास बरोबरय. मग लायब्ररी नाही का म्हणते?" तो स्वतःशीच पुटपुटत होता. लायब्ररी फक्त 'पास अग्राह्य' एवढंच म्हणत होती. का, ते सांगत नव्हती. मशीनच्या नोंदी त्याने वरपासून खालपर्यंत वाचल्या. त्यातल्या वेळा लंडनच्या हिशोबाने पडलेल्या, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे, त्यामुळे त्या वाचताना दोघांचीही डोकी फिरली. शेवटी तो म्हणाला, "तुमच्या मशीनलाच काहीतरी झालंय." विजयश्रीलाही तसंच वाटत होतं. फक्त मशीनला की आपल्याला, एवढंच तिला कळत नव्हतं.

"शुक्रवारी ग्राहकाला द्यायचंय," नेहा आज, बुधवारी, हळू आवाजात म्हणाली. नेहा तिची लीड, म्हणजे तिच्या टीमची प्रमुख होती. वयाने बरीच लहान, पण बोलायला नीट. "तुमची एकटीची नोंद आडवी आलीय. दोष खरा असेल तर दाखवा मला, मी तुमच्या बाजूने भांडते. पण नसेल तर... या महिन्याअखेर तुमचं कॉन्ट्रॅक्ट संपतंय. वर्षाचं करून मागायचं, तर हे असं बरं दिसत नाही."

विजयश्रीने मान हलवली. घरात आता तेवढाच एक पगार येत होता.

तिचा नवरा ज्योतीराम चाकणच्या एका कारखान्यात बावीस वर्षं मशीनवर होता. चार महिन्यांपूर्वी त्याची लाइनच उचलून दुसऱ्या राज्यात नेली. माणसं न्यायची नव्हती. साहेबांनी हात हातात घेतला, एक घड्याळ दिलं आणि गेटवर ओळखपत्र जमा करून घेतलं. तेव्हापासून तो देहूरोडच्या घरात होता. सवयीने पहाटे उठायचा, दाढी करायचा आणि मग काय करायचं ते न सुचून कणीक मळायला घ्यायचा. गुरुवारी मात्र उशिरापर्यंत झोपायचा, कारण गुरुवारी कंपनीला सुट्टी. विजयश्रीला याचं हसूही यायचं आणि हसू आलं म्हणून स्वतःचा रागही यायचा. मुलगी निशिगंधा संभाजीनगरला नर्सिंगच्या हॉस्टेलवर होती. तिला फोनवर दोघंही "सगळं बरंय" एवढंच सांगत.

बुधवारी संध्याकाळी ती घरी आली, तेव्हा तो दारातच होता.

"गावला का दोष?"

"नाही हो."

"मी काय म्हणतो, गेटवरचा माणूस नवा असंल," ज्योतीरामने तिच्या हातातली बॅग घेतली. तिच्या कामातलं जेवढं त्याला समजलं होतं, ते गेटवर येऊन थांबलं होतं. "नवा वॉचमन लई कडक असतो. आमच्यात नवा आला की आठ दिवस आमालाच अडवायचा."

"तसं नसतं ते. माझ्या एकटीच्याच मशीनवर अडवतोय तो."

"मग तुझ्यावर खुन्नस असंल त्याची."

ती हसली, पण रात्री अंथरुणावर पडल्यावर हसू टिकलं नाही. चाळिशी उलटल्यावर बी.कॉम.च्या जोरावर टेस्टिंगचा कोर्स केलेली बाई आपण. तरण्या पोरांत बसतो. आपल्याला दिसतं ते दुसऱ्या कुणालाच दिसत नसेल, तर चूक कुणाची धरायची? तिने उठून गॅसचं बटण बघितलं. बंद होतं. पुन्हा येऊन पडली, तर आत्ता बघितलं ते खरंच बंद होतं का, याचीच शंका यायला लागली.

गुरुवारी तिने लायब्ररी काढून पुन्हा टाकली. ब्राउझर बदलला. इंटरनेट ऑफिसचं सोडून मोबाइलचं घेतलं. संघर्षने शनिवार-रविवारचे सगळे बदल उलटवून जुना कोड आणून दिला. शुक्रवारी व्यवस्थित चाललेला, तोच. तोही तिच्याकडे चालेना. म्हणजे दोष संघर्षचा नव्हता. मग कुणाचा, हे सांगायला तिच्याकडे काहीच नव्हतं. उद्या सकाळी नेहाला काय दाखवायचं?

संध्याकाळी ती जेवायला बसली खरी, पण घास उतरेना. ज्योतीरामने तिला दुसरी भाकरी वाढली. ती जाडजूड होती, पण एका बाजूने फुगली होती आणि त्याचा त्याला अभिमान वाटत होता.

"इतका जीव नको काढू," तो म्हणाला. "उशीर तरी होत न्हाई ना आता? या आठवड्यात एकदा तरी लोकल चुकली का?"

"नाही."

"कशी चुकंल!" तो खुशीत आला. "मी बोललो न्हाई तुला. मागच्या शुक्रवारी सकाळी घरून काम करत बसलीस अन् लोकल गेली, तुझ्या ऑफिसातली ती बाई बोलली तुला, तवा मी बघितलं. तुझ्या त्या कॉम्प्युटरचं घड्याळ मागं पडलेलं. रविवारी तू कपडे वाळत घालत हुतीस, तवा तूच सांगितलेला पासवर्ड टाकून घातलं पुढं. घरच्या घड्याळाला लावून दिलं एकदम बरोबर. रोज रात्री बॅग भरताना बघतो, पुन्हा मागं पडलं का."

विजयश्रीचा घास हातातच राहिला.

त्यांच्या घरातली घड्याळं दहा मिनिटं पुढे होती. लग्न होऊन ती इथे आली, त्या पहिल्याच महिन्यात ज्योतीरामची कंपनीची बस चुकली होती आणि त्याचं तोंड एवढंसं झालेलं बघून तिनेच स्टुलावर चढून भिंतीवरचं घड्याळ पुढे केलं होतं. मग गजराचं केलं, मग त्याच्या मनगटावरचं. एक मोबाइल तेवढा बरोबर चालायचा. बावीस वर्षं दोन वेळा शेजारीशेजारी चालत आल्या आणि कुठलंही घड्याळ बघताना मनातल्या मनात दहा वजा करायची तिला इतकी सवय झाली, की लॅपटॉपच्या कोपऱ्यात दहा मिनिटं जास्त दिसली तरी डोळ्यांना ते खटकलंच नाही. लॅपटॉपचं घड्याळ तसं आपलं आपण जुळतं. पण पासची मुदत संपली की काय होतं हे तपासताना ते हाताने मागेपुढे करावं लागतं, म्हणून ते जुळणं तिने स्वतःच बंद करून ठेवलं होतं.

आणि लांबच्या सर्व्हरने दिलेला पास पाच मिनिटांचा होता. तो तिच्या मशीनपर्यंत पोचायच्या आतच, तिच्या मशीनच्या लेखी, शिळा झालेला असायचा.

"काय झालं गं? चुकलं का माझं?" ज्योतीराम तिच्याकडे बघत होता.

"नाही," ती म्हणाली. "बरं केलंत."

शुक्रवारी ऑफिसात पोचताच तिने नेहाला आणि संघर्षला टेबलाशी बोलावलं. त्यांच्यासमोर घड्याळ दहा मिनिटं मागे घेतलं आणि लॉगिन केलं. धोंडीबा सरळ आत गेला.

संघर्ष मोठ्याने हसला. त्यात कुचेष्टा नव्हती, आठवडाभराचा घोर उतरला होता. "म्हणजे माझा कोड बरोबर होता! ताई, अहो, मी तीन रात्री झोपलो नाही!"

"माफ कर रे," विजयश्री म्हणाली.

नेहा हसली नाही. संघर्ष जागेवर गेल्यावर तिने खुर्ची जवळ घेतली. "घड्याळ कुणी पुढे केलं?"

"मीच. मुदतीची टेस्ट करताना केलं असणार. मागे घ्यायचं राहिलं."

"नक्की? घरी लॅपटॉपला कुणी हात लावतं का? तसं असेल तर मला वर कळवावं लागेल, ताई. आपण लोकांना लॉगिन विकतो. आपल्याच मशीनचा पासवर्ड घरच्या माणसाला माहीत आहे म्हटल्यावर कॉन्ट्रॅक्ट त्याच दिवशी संपतं. मग माझ्याही हातात काही राहत नाही."

"घरी कोण हात लावणार?" विजयश्री म्हणाली. "ह्यांना साधा मोबाइलसुद्धा धड येत नाही."

हे बोलताना तिला जेवढी लाज वाटली, तेवढी घड्याळाची चूक कबूल करतानाही वाटली नव्हती. ज्या माणसाने बावीस वर्षं एवढाल्या मशीनच्या पॅनलवर बोटं चालवली, त्याला तिने एका वाक्यात अडाणी करून टाकलं होतं.

नेहाने एकदा लॅपटॉपकडे बघितलं. मग म्हणाली, "तीन महिन्यांचं करून घेते मी. वर्षाचं आता नाही मागता येणार. आणि पासवर्ड बदला. आत्ता, माझ्यासमोर."

विजयश्रीने पासवर्ड बदलला.

संध्याकाळी ज्योतीराम दारातच होता.

"गावला?"

"गावला."

"कशात हुता?"

"लायब्ररीतच होता," ती म्हणाली. "लपून बसला होता. काढला."

"म्हटलं न्हवतं मी!" त्याने काय म्हटलं होतं ते दोघांनाही आठवत नव्हतं, पण त्याचा चेहरा उजळला. शेजारच्या खंडूला त्याने गॅलरीतूनच ओरडून सांगितलं, की आमच्या हिने दोष पकडला. मग आत येऊन आवाज खाली आणून विचारलं, "अन् कॉन्ट्रॅक्ट?"

"वाढवलं."

किती, ते त्याने विचारलं नाही. तिनेही सांगितलं नाही. ती स्वयंपाकघरात गेली आणि कुकर लावला. तीन महिन्यांनंतर काय, याचं उत्तर कांदा चिरता चिरता सापडण्यासारखं नव्हतं. बाहेर त्याने नेहमीप्रमाणे लॅपटॉप चार्जिंगला लावला, उघडला. थोडा वेळ कीबोर्डची टकटक ऐकू आली. मग थांबली. पुन्हा आली, पुन्हा थांबली.

"अगं," त्याने हाक मारली. "मला घेईना आत."

ती पदराला हात पुसत बाहेर आली. सांगायचं काय, ते तिने ऑफिसातून निघतानाच ठरवलं होतं: नवा नियम आलाय, आता कुणालाच सांगायचा नसतो. खोटंही नव्हतं ते. ज्योतीराम खुर्चीत बसला होता, दोन्ही हात मांडीवर. कारखान्यातून शेवटच्या दिवशी घरी आला तेव्हा याच खुर्चीत, असाच बसला होता.

"माझंच बोट चुकतंय जणू," तो म्हणाला. "दोनदा टाकला. तिसऱ्यांदा टाकला तर बंद पडंल म्हणून ऱ्हावू दिला."

ठरवलेलं वाक्य ओठांपर्यंत आलं आणि तिथेच राहिलं. तिने स्टूल ओढलं आणि त्याच्या शेजारी बसली.

"तुमचं बोट नाही चुकलं. बदललाय मी. बघा इकडे," ती म्हणाली आणि एकेक अक्षर सावकाश दाबायला लागली.

ज्योतीरामने चष्मा लावला आणि तिच्या बोटांकडे बघत पुढे वाकला.