गवतावर ठेवलेला हातमोजा

मित्रांनो, मी एक जुना, सुरकुतलेला बेसबॉलचा हातमोजा आहे. पण त्या दुपारी मी जे झेललं, ते आठवलं की आजही माझी शिवण न् शिवण ताठ होते!

मी घोड्याच्या कातड्याचा. लुशस टार्व्हरने मला घेतलं, मळून मऊ केलं, चक्क उशीखाली घेऊन झोपला. लुशस काळा होता, आणि गोऱ्यांच्या त्या व्यावसायिक संघात तोवर एकही काळा खेळाडू उतरला नव्हता. पहिल्याच सामन्याआधी प्रशिक्षक डॉयल म्हणाले, "बाबा रे, मालकांना फक्त निमित्त हवंय. एक झेल सुटला, की उद्याच्या गाडीने तू घरी."

"मग गाडीला सांगा, माझी वाट बघू नकोस," लुशस म्हणाला.

तेव्हाची रीत अशी, की फलंदाजीला जाताना सगळ्यांनी आपापले हातमोजे मैदानातच, गवतावर ठेवायचे. मीही तिथेच पडलो होतो. समोरच्या संघाचा प्रूइट लुशसच्या जागी क्षेत्ररक्षणाला उभा राहायला आला, आणि त्याने खिळ्यांचा बूट माझ्यावर दाबून गर्रकन फिरवला. माझ्या अंगठ्याची वादी तटकन तुटली.

लुशस परत आला, मला उचललं आणि त्याचा चेहराच उतरला. दुसरा हातमोजा मागणार कुणाकडे? सकाळपासून संघातलं कुणी त्याच्याशी बोललं नव्हतं. तो मटकन खाली बसला, बुटाची नाडी ओढून काढली आणि तिनेच मला करकचून बांधलं.

"ए, बूट घालायला शिकवलं नाही का कुणी?" प्रेक्षकांतून आवाज आला.

"शिकवलंय हो. आज हाताला जास्त गरज आहे."

तेवढ्यात चेंडू उडाला! उंच, दूर, थेट कुंपणाकडे. लुशस सुसाट सुटला. बूट कुठल्या कुठे उडाला, तरी तो एका अनवाणी पायाने धावतच राहिला, झेपावला, आणि धप्प! चेंडू माझ्या पोटात. नाडी कचकचली, पण सुटली नाही. सातव्या डावातली समोरच्या संघाची फलंदाजी संपली, आता पाळी आमची.

आता तरी हा मला बाकावर नेईल, असं मला वाटलं. छे! त्याने मला पुन्हा त्याच गवतावर ठेवलं.

शेजारी खेळणारा काझ डोबेक लुशसचा उडालेला बूट घेऊन आला. "परत इथेच? मघाशी प्रूइटने काय केलं ते मी पाहिलंय."

"तेव्हा बोलला नाहीस."

काझ खाली वाकला. मग त्याने आपला हातमोजा माझ्यावर पालथा घातला. "आता त्याला माझाही तुडवावा लागेल. चल, बूट घाल, तुझी पाळी आहे."

प्रूइट आला, थबकला, आणि आम्हा दोघांना वळसा घालून उभा राहिला.

मित्रांनो, आता मी कपाटात असतो. कातडं भेगाळलंय, अधूनमधून तेलाचा हात लावत जा. आणि कुणी भरवशाने खाली ठेवलेली वस्तू कुणी तुडवताना दिसलं, तर काझसारखं सातव्या डावापर्यंत थांबू नका. लगेच बोला.